खोकं विकायच्या आधी खोकं मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

रबाळे एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, म्हणजे कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. १४ कामगार. वडिलांनंतर चार वर्षं मीच बघते. तीन पार्ट्यांवर सत्तर टक्के धंदा होता. त्यातली एक भिवंडीला गोदाम घेऊन गेली आणि तिथल्याच माणसाकडून माल घ्यायला लागली. तेव्हापासून ज्याने जे 'मार्केटिंग' सांगितलं ते केलं. दर गुरुवारी सकाळी सातच्या नेटवर्किंग मीटिंगला जाते. हजार व्हिजिटिंग कार्डं छापली, त्यातली ६०० कपाटात पडून आहेत. १,४०० नंबरांना रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅप जातो. दिवाळीला ८५ ठिकाणी काजूकतली पाठवली. वर्षभरात नवीन पार्टी एकच आली, तीही रेट बघून. माल चांगला आहे, तक्रार नसते. संध्याकाळी 'बसल्याशिवाय' परचेसवाला ऑर्डर देत नाही असं सगळे सांगतात, ते मला जमणार नाही. काय करू? आणि त्या ६०० कार्डांचं काय करू?

– एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई, 'माल चांगला आहे, तक्रार नसते' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण आम्ही तिथेच अडखळलो. भिवंडीला गेलेल्या पार्टीची तरी कुठे तक्रार होती? तरी ती गेलीच. तुमचा माल त्यांच्या स्टोअरला उतरतो, चलनावर सही-शिक्का होतो, टेम्पो परत येतो. त्यापुढे त्या खोक्याचं काय होतं? किती थर रचतात, पावसात कुठे ठेवतात, डीलरकडे पोचेपर्यंत किती कोपरे दबतात, आतला माल फुटला तर साहेब कोणाला झापतात? हे ज्या सप्लायरला माहीत असतं, त्याला खोक्यामागे वीस-पंचवीस पैशांसाठी सहसा कोणी सोडत नाही. ज्याला माहीत नसतं त्याचं पार्टीच्या लेखी नाव एकच, रेट. आणि तो रेट भिवंडीत दारातच मिळत होता, वर टेम्पोभाडंही वाचत होतं.

तुम्ही वर्षभर जे केलंत त्यातलं बरंचसं आधी बंद करूया.

रोजचा व्हॉट्सअ‍ॅप आजपासून बंद. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ नंबर बसतात आणि मेसेज पोचतो तो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच. म्हणजे १,४०० पैकी बहुतेकांना तुमचं 'शुभ सकाळ' कधी दिसलेलंच नाही. ज्यांना दिसलं त्यांनी बहुधा म्यूट केलं. चार जणांनी रिपोर्ट केलं तर नंबरच अडकायची भीती, ते वेगळं. याउलट २२ सप्टेंबर २०२५ ला पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या दिवशी 'चालू परचेस ऑर्डरवर (पीओ) टॅक्स बदलून घ्यावा लागेल, जुना आणि नवा हिशोब पुढच्या बिलासोबत देते' असा दोन ओळींचा मेसेज मोजक्या ४० जणांना गेला असता, तर अकाउंट्सवाल्याने तुमचा नंबर आपणहून सेव्ह केला असता. मेसेज पाठवायचा तो असा, ज्याने समोरच्याचं एक काम हलकं होतं. वर्षाला असे पाच-सहाच निघतील, आणि तेवढे पुरे.

काजूकतलीचंही तेच. दिवाळीच्या आठवड्यात परचेसच्या टेबलावर चाळीस डबे असतात, तुमचा एकेचाळिसावा. शिवाय बऱ्याच कंपन्यांत सप्लायरकडून भेट घ्यायला बंदी असते, म्हणजे डबा परत पाठवायची अडचण त्या माणसावर टाकायची. हा खर्च पुढच्या मे महिन्यात वापरा. कशासाठी ते खाली येतंच.

आता कामाचं.

आधी ठरवा की विकायचं कोणाला. खोकं ही हवा वाहून नेण्याची वस्तू आहे. घडी घातली तरी टेम्पो वजनाने भरायच्या आधी जागेनेच भरतो, त्यामुळे लांबची पार्टी भाड्यात मार खाते. तुमच्यासाठी ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, पावणे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा आणि फार तर पलीकडे वागळे इस्टेट, एवढं पुष्कळ आहे. तळोजा नंतर. या पट्ट्यातही सगळे नकोत. ज्यांचा माल फुटतो, सांडतो किंवा ओल धरतो तेच धरा: काचेच्या बाटल्या, पाऊचमधले मसाले, रंग-रसायनांचे छोटे डबे, औषधं. नटबोल्टवाल्याला खोकं कसंही चालतं. तो शेवटपर्यंत रेटच बघणार. अशी साठ नावं काढा, जास्त नको.

त्यातल्या पहिल्या दहांकडे कोटेशन घेऊन जाऊ नका. 'तुमचं चालू खोकं बघते, एक पानाचा अहवाल देते, ऑर्डर मागणार नाही' एवढंच सांगून वेळ मागा. मंगळवार ते गुरुवार, अकरा ते एक. महिन्याचे शेवटचे पाच दिवस आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन टाळा, तेव्हा डिस्पॅच आणि क्लोजिंगची घाई असते. जाताना बरोबर मेजर टेप, किचनमधला डिजिटल काटा आणि असेल तर ओलावा मोजायचं पिनवालं मीटर. स्टोअरमधून तीन खोकी मागून घ्या: एक कोरं, एक थप्पीच्या तळातलं भरलेलं आणि एक डीलरकडून परत आलेलं. हे तिसरं मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं.

समजा आतलं माप ४०० × ३०० × ३०० मिमी, फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच कागदांचा पुठ्ठा, आणि पीओवर पाचही कागद १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम) लिहिलेत. फ्लूटचा, म्हणजे आतला नागमोडी कागद १.४ पट धरला तर पुठ्ठा साधारण ७०० जीएसएमचा होतो आणि या मापाच्या खोक्यात गोंद सोडून ६०० ग्रॅम कागद लागतो. काट्यावर ५०० ग्रॅमच भरला, तर आत १०० जीएसएमचा कागद चाललाय. हे गणित तुम्हाला झोपेतही येईल, पण परचेसच्या माणसाला बहुधा येत नाही. त्याला दोन कोटेशनांवर 'फाइव्ह प्लाय' एवढंच सारखं दिसतं, म्हणून तो स्वस्त उचलतो. तसंच बीएफचं, म्हणजे कागद फाटेपर्यंत किती दाब सोसतो त्या आकड्याचं. जीएसएम गुणिले बीएफ भागिले हजार: १२० जीएसएम, १८ बीएफचा कागद चौरस सेंटीमीटरला २.१६ किलो दाबाने फाटतो आणि १०० जीएसएमचा १.८ ला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून द्या. मागच्या सप्लायरबद्दल एक शब्द बोलू नका. काटा बोलतोच.

मग थप्पी. १२ किलोचं खोकं सहा थर रचलं तर तळातल्यावर पाच खोक्यांचे ६० किलो बसतात. कागदावर हे सोपं दिसतं, पण खोकं महिनाभर तसंच उभं राहतं, पावसाची हवा खातं आणि ट्रकमध्ये हादरतं. म्हणून चौपट धरा. प्रयोगशाळेत २४० किलो दाब घेणारं खोकं हवं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० वर गेली की पुठ्ठ्याची दाब सोसायची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर आपण त्याच हवेत राहतो. बऱ्याच ठिकाणी मात्र दोष खोक्याचा नसतोच. खोक्याची ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. स्टोअरवाले विटांसारखी आडवी-उभी थप्पी लावतात तेव्हा कोपऱ्यावर कोपरा येत नाही आणि मधली भिंत दबते. पॅलेटच्या बाहेर दोन बोटं कोपरा लोंबत असेल तरी तेच. हे दिसलं तर अहवालात स्पष्ट लिहा: 'खोकं बदलू नका, थप्पी सरळ लावा, पॅलेटखाली प्लास्टिक टाका, भिंतीपासून फूटभर सोडा.' तुमची ऑर्डर बुडाली असं वाटेल. पण विकायला आलेल्या बाईने 'विकत घेऊ नका' म्हटलं, हे त्या कंपनीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

अहवाल एकाच पानाचा, फोटो तीन, दोन दिवसांच्या आत. इंग्रजी झाडायची गरज नाही. स्टोअरला मराठी किंवा हिंदी चालतं, मेलवर साधं इंग्रजी. एक प्रत स्टोअरच्या माणसाला, एक क्वालिटीला, एक परचेसला. पत्रात तुम्ही पूर्ण वेळ परचेसबद्दलच बोललात. ऑर्डर परचेस काढतो हे खरं, पण माल नापास करतो क्वालिटीवाला, 'या बाईचा टेम्पो वेळेवर येतो' हे सांगतो स्टोअरवाला आणि तुमचं बिल फाइलच्या तळाला जाईल की वर राहील हे ठरतं अकाउंट्समध्ये. परचेसची माणसं दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, स्टोअरकीपर मात्र वीस वर्षं तोच असतो.

'बसल्याशिवाय ऑर्डर नाही' याचं उत्तर इथेच आहे. तशी माणसं आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण बसून मिळालेली ऑर्डर त्या माणसाची असते, कंपनीची नसते. तो गेला की ती जाते, आणि पुढच्याला तुम्ही 'त्याची पार्टी' म्हणून नकोशा होता. तसा इशारा कोणी दिला तर 'संध्याकाळी जमत नाही, उद्या दुपारी तुमच्या प्लांटवरच येते, क्वालिटीच्या साहेबांनाही बोलवा' म्हणा. त्यावर जो गप्प बसेल त्याचं नाव साठातून खोडून एकसष्टावं घ्या. कंपनीतल्या कोणाला टक्का देऊ नका. बाहेरच्या माणसाने ओळख करून दिली तर त्याला ठरवून, उघडपणे, बिल घेऊन कमिशन द्यायला हरकत नाही.

गुरुवारची मीटिंग सोडू नका, फक्त तिथलं बोलणं बदला. 'मी पॅकेजिंगमध्ये आहे, कोणाला बॉक्स लागले तर सांगा' याने समोरच्याच्या डोक्यात एकही चेहरा येत नाही. त्याऐवजी: 'महापे-पावण्याला काचेच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीतल्या स्टोअर किंवा क्वालिटीच्या माणसाशी ओळख हवी. पावसाळ्यात ज्यांचा माल दबून परत येतो ते.' एका आठवड्याला एकच मागणी, पुढच्या आठवड्यात दुसरी. आणि त्या खोलीत गिऱ्हाईक शोधू नका. गिऱ्हाईकाच्या दारात रोज जाणारा माणूस शोधा: टेम्पोवाला, टेप आणि स्ट्रॅपिंग विकणारा, लेबल छापणारा, लाकडी पॅलेट बनवणारा, पेस्ट कंट्रोलवाला, न्हावा शेवाला माल पाठवणारा एजंट, जीएसटी भरणारा सीए. त्यातल्या चौघांशी मीटिंगच्या बाहेर तासभर चहा घ्या आणि पहिलं काम तुम्ही त्यांना द्या. तुमच्याच पार्टीला टेप लागते ना? सांगा टेपवाल्याचं नाव. कोणी तुम्हाला नाव दिलं तर २४ तासांत फोन झालाच पाहिजे, आणि पुढे काय झालं हे नाव देणाऱ्याला कळवा. ऑर्डर मिळाली तरी, नाही मिळाली तरी. दुसरी बातमी कळवायची लोकांना लाज वाटते, म्हणून पुढचं नाव येत नाही.

तुमच्या दाराशीच ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळे इस्टेटला ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन. सभासद व्हा, पण सभागृहात मागच्या खुर्चीवर बसायला नव्हे. एखाद्या समितीचं बारीक काम अंगावर घ्या किंवा 'पावसाळ्यात खोकी कशी सांभाळावी' यावर स्टोअरच्या लोकांसाठी तासाभराचं सत्र द्या. स्वतःच्या कंपनीचं नाव सुरुवातीला एकदा घ्या, पुन्हा नको. प्रश्न विचारायला जे मागे थांबतील ते तुमचे. वाशीला सिडको प्रदर्शन केंद्रात प्रदर्शनं भरतात तिथेही स्टॉल घ्यायची घाई नको, आधी फिरणारी म्हणून जा.

गुगलवर कारखान्याचं पान नीट भरा: प्रकार, वेळ, नकाशावरचा बिंदू, आतले दहा खरे फोटो. रिव्ह्यू माल पोचल्याच्या दिवशी मागा, त्यासाठी पैसे किंवा सूट देऊ नका. याहून जास्त वेळ यात घालवू नका.

साठ जणांची वही मात्र रोज उघडायची. चालू गिऱ्हाईकं धरून दहा जणांशी पंधरवड्याला एकदा, वीस जणांशी महिन्याला, उरलेल्या तीस जणांशी तीन महिन्यांतून एकदा. बेरीज करा: २० आणि २० आणि १०, म्हणजे महिन्याला ५० बोलणी, दिवसाला दोन. एवढं १४ कामगार सांभाळूनही होतं. प्रत्येक नावापुढे शेवटचं बोलणं, त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत, आणि पुढची तारीख. 'फॉलो अप' असं लिहू नका, चार दिवसांनी तुम्हालाच कळत नाही कशाचा. 'नवीन ५०० मिलीची बाटली येतेय, पार्टिशन लागेल, २० तारखेला विचारणे' असं लिहा. आणि फोनवर 'काही ऑर्डर आहे का' हे वाक्य वर्ज्य. त्याला 'नाही' हे एकच उत्तर असतं.

आता मे महिना. मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो. त्याआधी पंधरा दिवस पहिल्या वीस जणांच्या स्टोअरला फेरी मारा, ओलावा मोजा, गळणारं पत्र्याचं छप्पर, खाली ठेवलेली बंडलं यांचे फोटो त्यांनाच द्या. काजूकतलीचे पैसे इथे घाला: भेट म्हणून नव्हे, स्टोअरसाठी पॅलेटवर टाकायचं जाड प्लास्टिक, चलनावर नोंद करून.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांचं पत्रक. गणपतीला तुमची कोकणातली माणसं गावी जाणार, होळी आणि छठला उत्तरेकडची. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी पार्टीला आयत्या वेळी कळतं. सहा आठवडे आधी एक पान पाठवा: आमचं कटिंग आणि प्रिंटिंग अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद, त्याआधी माल हवा तर पीओ अमुक तारखेपर्यंत द्या, तुमच्या मागच्या वर्षीच्या हिशोबाने साधारण इतकी खोकी लागतील. हा शेवटचा आकडा तुमच्या बिलांतूनच निघतो, पण गिऱ्हाईकाला वाटतं, हिने आपला विचार केला. केलेलाच असतो.

माल नापास झाला तर त्याच दिवशी स्वतः जा. यासाठी प्रत्येक बंडलावर चिठ्ठी हवी: तारीख, कागदाचा लॉट, मशीनवर कोण होतं. क्रीजला, म्हणजे घडीच्या रेघेला तडा गेला असेल तर पुठ्ठा जास्त सुकलाय किंवा क्रीजचं चाक धारदार झालंय. जॉइंट सुटला असेल तर गोंद कमी किंवा पिना लांब लांब. पुठ्ठा वाकला असेल तर दोन बाजूंच्या कागदांत ओल कमी-जास्त. कारण, बदलून दिलेला माल आणि पुन्हा होऊ नये म्हणून केलेला बदल असं तीन ओळींत लेखी द्या. तक्रार नीट निस्तरली की नवीन माणसं जोडायला लागणारे निम्मे कष्ट वाचतात.

उधारीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण नवी पार्टी 'रेट बघून' आली म्हणता म्हणजे प्रश्न असणारच. पैसे मागितले तर संबंध बिघडतात ही भीती सोडा. बिघडतात ते चार महिने गप्प बसून एक दिवस भांडल्यामुळे. उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून आहे ना ते बघा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे असे मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाहीत. हा नियम धमकीसारखा वापरू नका. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या अकाउंट्सला येणे बिलांची यादी पाठवा, 'मार्चअखेरीस तुमच्या ऑडिटरला लागेल' म्हणून. मुदत पहिल्या पीओवरच लिहून घ्या.

भिवंडीला गेलेल्या पार्टीकडे एकदा जाऊन या. माल परत मागायला नाही, आता खोकं कसं चाललंय ते बघायला. काटा बरोबर ठेवा. ती साठातल्या तिमाही तिसात राहू द्या.

आणि ती ६०० कार्डं. मागची बाजू कोरी असेल तर टाकू नका. एक रबरी शिक्का बनवून घ्या, चार ओळींचा: 'आतलं माप, लांबी × रुंदी × उंची, मिमी', 'रिकाम्या खोक्याचं वजन', 'थर किती', 'मोजल्याची तारीख'. स्टोअरमध्ये खोकं मोजलंत की आकडे पेनने भरून कार्ड तिथल्या माणसाच्या हातात द्या. शाई लवकर सुकणारी घ्या, चकचकीत कार्डावर साधी शाई पसरते.